चार्टर विमानाचे भाडे कसे वाचावे: ताशी दरापासून अंतिम बिलापर्यंत

पुण्याहून पंढरपूरला किंवा मुंबईहून महाबळेश्वरला गाडी ठरवणाऱ्या माणसाला काही गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. किलोमीटरचा दर म्हणजे बिल नव्हे, हे त्याला ठाऊक असते. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरले जातात, चालकाचा भत्ता वेगळा असतो, टोल आणि पार्किंग आपल्यालाच भरावे लागते, मुक्काम केला तर नाइट हॉल्टचे पैसे पडतात आणि गाडी तिकडेच सोडली तरी तिच्या रिकाम्या परतीचे भाडे आपल्याच माथी येते. चार्टर विमानाचा, म्हणजे पूर्ण भाड्याने घेतलेल्या विमानाचा, हिशोब मुळात याच पद्धतीचा आहे; फक्त आकडे लाखांत असतात आणि शब्द इंग्रजी असतात. तरीही गाडीच्या बाबतीत इतका सावध असणारा माणूस विमानाच्या बाबतीत मात्र ‘ताशी किती?’ एवढे एकच विचारून थांबतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून शेवटचे बिल किती येईल, याचा अंदाज बांधता येत नाही.

चार्टर विमान हा केवळ श्रीमंतांचा विषय राहिलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अत्यवस्थ रुग्णाला नांदेड, जळगाव किंवा नागपूरहून मुंबईच्या रुग्णालयात हलवायचे असते, तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबालाही एका रात्रीत हा हिशोब समजून घ्यावा लागतो. दिवसभरात तीन गावांतील प्रकल्प पाहायचे असतील, तर मध्यम आकाराच्या कंपन्यांनाही विमान परवडते की नाही, याचा विचार करावा लागतो. निवडणुकीच्या हंगामात हे दर वर्तमानपत्रांतही छापून येतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी विमानासाठी ताशी साडेचार ते सव्वापाच लाख रुपये आणि हेलिकॉप्टरसाठी ताशी सुमारे दीड लाख रुपये, असे आकडे प्रसिद्ध झाले होते. एरवी लहान विमाने यापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. दर हंगामानुसार आणि विमानानुसार बदलत राहतात. हिशोबाची रीत मात्र बदलत नाही, आणि समजून घ्यायची ती ही रीतच.

तास कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो

विमान कंपनी ज्या तासाचे पैसे घेते, तो हवेतला तास नसतो. विमानाच्या चाकांखालचे अडसर, म्हणजे चॉक, काढल्यापासून ते मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा लावेपर्यंतचा सगळा वेळ मोजला जातो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि रांगेत उभे राहण्यात गेलेली मिनिटे त्यात येतात. उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्याही येतात. छोट्या विमानतळावर ही भर पाच-सात मिनिटांची असते, मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर ती सहज पंधरा-वीस मिनिटांवर जाऊ शकते. म्हणून दरपत्रक हातात आले की पहिल्यांदा दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. आकारणी ब्लॉक टाइमवर होणार की प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळेवर? आणि अंदाजापेक्षा वेळ जास्त लागला, तर वाढीव मिनिटांचे पैसे कोण भरणार? काही कंपन्या एका ठरावीक फेरीची ठोक रक्कम सांगतात आणि वेळेचा धोका स्वतःकडे घेतात. आकडा थोडा मोठा दिसला तरी पावसाळ्यात असा सौदा पुष्कळदा हिताचा ठरतो.

विमान राहते कुठे

सगळ्या हिशोबात सर्वांत निर्णायक गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी विमानाचा तळ असे उत्तर देईन. प्रत्येक विमानाचे एक घर असते. ते तिथून निघते आणि काम संपल्यावर तिथेच परतते. तुम्ही बसलेले असा वा नसा, घरापासून घरापर्यंतचा संपूर्ण प्रवास तुमच्या बिलात येतो. तुम्हाला घ्यायला येण्याच्या रिकाम्या फेरीला पोझिशनिंग म्हणतात, आणि दरपत्रकातील लहान अक्षरांत बहुधा हाच शब्द दडलेला असतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. यातील दर मी केवळ गणितासाठी गृहीत धरले आहेत, ते कोणत्याही कंपनीचे नाहीत. सहा जणांना मुंबईहून नांदेडला जाऊन त्याच संध्याकाळी परतायचे आहे. सरळ रेषेत हे अंतर साधारण ४६५ किलोमीटर आहे. किंग एअरसारख्या दोन पंख्यांच्या टर्बोप्रॉप विमानाला एका बाजूला ब्लॉक टाइम सव्वा तास धरू, म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास. ताशी दर १,५०,००० रुपये धरला, तर उड्डाणाचे ३,७५,००० रुपये झाले. दोन्ही विमानतळांवरचे लँडिंग, पार्किंग आणि ग्राउंड हँडलिंग, म्हणजे जमिनीवरची सेवा, यांचे शुल्क मिळून ४०,००० धरू. बेरीज ४,१५,००० झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७४,७०० रुपये. एकूण ४,८९,७०० रुपये, माणशी साधारण ८१,६००.

आता समजा, मुंबईच्या या विमानाऐवजी दिल्लीत तळ असलेले तसेच विमान कोणी ताशी १,३०,००० रुपयांत देऊ केले. तासामागे वीस हजार वाचतात, म्हणून मन तिकडे ओढ घेते. पण त्या विमानाला दिल्लीहून मुंबईला यायला अडीच तास आणि परत जायला अडीच तास लागतील. मधले तुमचे अडीच तास धरून साडेसात तास झाले, म्हणजे नुसत्या उड्डाणाचेच ९,७५,००० रुपये. स्वस्त दराचे विमान अडीच पटींहून महाग पडले. म्हणून दर विचारण्याआधी ‘विमान सध्या कुठे आहे आणि त्याचा तळ कोणता’ हे विचारावे.

मुक्कामाचे गणित याहून नाजूक आहे. विमान जमिनीवर उभे असताना कंपनीला कमाई होत नाही, म्हणून बहुतेक करारांत दिवसाला किमान उड्डाणाचे तास ठरलेले असतात. गाडीच्या ३०० किलोमीटरचाच हा अवतार. ही अट दिवसाला दोन तासांची आहे असे धरू. नांदेडला एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी परतायचे असेल, तर प्रत्यक्ष उड्डाण अडीच तासांचे असले तरी आकारणी चार तासांची होईल, म्हणजे ६,००,००० रुपये. त्यात वैमानिकांचे हॉटेल, जेवण आणि रात्रीचे पार्किंग मिळून २५,००० आणि आधीचे ४०,००० मिळवले की ६,६५,००० होतात आणि जीएसटीसह ७,८४,७००. दुसरा मार्ग असा, की विमान तुम्हाला सोडून रिकामे मुंबईला परतेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायला येईल. त्यात सव्वा तासाच्या चार फेऱ्या, म्हणजे पाच तास होतात. उड्डाणाचे ७,५०,००० आणि दुप्पट झालेला विमानतळांचा खर्च ८०,००० मिळून ८,३०,०००, जीएसटीसह ९,७९,४००. म्हणजे एका रात्रीसाठी विमान थांबवून ठेवणे फायद्याचे आहे. पण मुक्काम दोन रात्रींचा झाला, की तीन दिवसांचे किमान सहा तास धरले जातात आणि करापूर्वीची रक्कम ९,९०,००० वर जाते. तेव्हा मात्र विमान परत पाठवणे स्वस्त पडते. हा उलटण्याचा बिंदू प्रत्येक प्रवासात वेगळा असतो. त्यामुळे कंपनीकडून ‘थांबवून’ आणि ‘सोडून-पुन्हा येऊन’ असे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. मागितल्याशिवाय ते सहसा दोन्ही देत नाहीत.

रिकाम्या फेरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. माल पोहोचवून परतणारा ट्रकवाला मिळेल त्या दराने परतीचे भाडे घेतो, तसेच कंपन्या रिकाम्या परतणाऱ्या विमानाची फेरी कमी दरात विकतात. तिला एम्प्टी लेग म्हणतात. सवलत मोठी असू शकते, पण दिवस, वेळ आणि मार्ग मूळ ग्राहकाच्या सोयीचे असतात. त्याने बेत बदलला की तुमची फेरीही रद्द होते. लग्न, न्यायालयातील तारीख किंवा रुग्ण यांच्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

विमान, धावपट्टी आणि ऊन

विमान जितके मोठे आणि वेगवान, तितका तास महाग. पण तास कमी लागतात, हेही लक्षात घ्यावे. राज्यांतर्गत अंतरांसाठी, म्हणजे मुंबई–कोल्हापूर किंवा मुंबई–सिंधुदुर्ग अशा तीन-साडेतीनशे किलोमीटरच्या प्रवासासाठी, जेट आणि टर्बोप्रॉप यांच्या वेळेत काही मिनिटांचाच फरक पडतो. इंधनात मात्र मोठा फरक पडतो. किंग एअर बी-२०० ला तासाला साधारण ४०० लिटर इंधन लागते, तर हॉकर ८०० जातीच्या मध्यम जेटला हजार लिटरच्या आसपास. माझ्या मते, सातशे किलोमीटरच्या आत आणि सहा-सात माणसांपर्यंत टर्बोप्रॉप हाच शहाणपणाचा पर्याय आहे. मुंबईहून नागपूर साधारण ६८५ किलोमीटर आहे, म्हणजे तो अगदी सीमेवरचा प्रवास. दिल्ली किंवा कोलकात्याला जायचे असेल तर जेटचा विचार करावा.

धावपट्टीमुळेही निवड ठरते. शिर्डी आणि सिंधुदुर्गातील चिपी येथील धावपट्ट्या २,५०० मीटरच्या आहेत, तिथे मध्यम जेट सहज उतरते. कऱ्हाडसारख्या छोट्या धावपट्टीवर मात्र टर्बोप्रॉपवरच भिस्त ठेवावी लागते. त्यात विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा मिळवा. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. त्यामुळे मे महिन्यात दुपारी ४२ अंशांवर तेच विमान तेवढीच माणसे आणि तेवढेच इंधन घेऊन उडू शकेलच असे नाही. मग दोन माणसे किंवा सामान कमी करावे लागते, नाहीतर वाटेत इंधनासाठी उतरावे लागते आणि त्या थांब्याचे लँडिंग व वेळ बिलात चढतात. उन्हाळ्यातला प्रवास सकाळी लवकर ठेवला तर हा खर्च बहुधा टळतो. प्रवाशांची वजने आणि सामानाचे आकार कंपनी विचारते, ते याच कारणासाठी. ती माहिती संकोच न करता खरी द्यावी.

विमानतळाच्या वेळाही खर्च वाढवतात. छोट्या विमानतळांचे कामकाज ठरावीक वेळेतच चालते आणि अनेक ठिकाणी रात्री उतरण्याची सोय नाही. ठरलेल्या वेळेनंतर विमानतळ उघडा ठेवायला लावला, तर त्याचे वेगळे शुल्क पडते. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाभोळी नौदलाचे आहे, त्यामुळे तिथे नागरी विमानांना लष्करी कामकाजाच्या सोयीने जागा मिळते. दाभोळीला आठवड्यातील कामाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असत, ही गोव्याला नियमित जाणाऱ्यांना परिचित गोष्ट आहे. उत्तर गोव्यात जायचे असेल तर मोपाचा विमानतळ हा आता दुसरा पर्याय उपलब्ध आहे.

मुंबईचा प्रश्न स्वतंत्रच आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि नियमित विमानांची गर्दी इतकी आहे की फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या काळात खासगी विमानांवर असलेला निर्बंध दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेला. सकाळी नऊला निघायचे ठरवून दरपत्रक घेतले आणि वेळ मिळाली दुपारची, तर दिवसाचा सगळा बेत बदलतो, कदाचित मुक्कामही करावा लागतो. उभे राहायला जागा नसल्यामुळे काही वेळा तुम्हाला मुंबईत उतरवून विमानाला शेजारच्या शहरात जाऊन थांबावे लागते, आणि ती फेरीही तुमचीच. म्हणून मुंबईची वेळ, म्हणजे स्लॉट, पक्की झाल्याशिवाय पुढचे काहीही पक्के समजू नये.

इंधन आणि कर

विमानाचे इंधन, म्हणजे एटीएफ, अजून जीएसटीबाहेर आहे. त्यावर प्रत्येक राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड येथे हा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. इंधनाचे भाव दर महिन्याला बदलतात. जून २०२२ मध्ये दिल्लीत ते किलोलिटरला १ लाख ४१ हजारांच्या पुढे गेले होते. करारात इंधनवाढीचे कलम असते ते यामुळेच. प्रवास दोन-तीन महिने पुढचा असेल, तर किती वाढीपर्यंत दर कायम राहील, हे आकड्यात लिहून घ्यावे.

चार्टरवर १८ टक्के जीएसटी लागतो. सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने हेलिकॉप्टरमध्ये एकेक आसन विकून केलेल्या वाहतुकीवर ५ टक्के कर ठरवला, पण संपूर्ण हेलिकॉप्टर भाड्याने घेतल्यास १८ टक्केच राहतील हेही स्पष्ट केले. तोंडी सांगितलेला आकडा बहुतेक वेळा कराविना असतो. पाच लाखांवर नव्वद हजारांचा फरक ही दुर्लक्ष करण्यासारखी रक्कम नाही. या कराची वजावट आपल्याला मिळेलच असे विमान भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांनीही गृहीत धरू नये, आधी सनदी लेखापालांना विचारावे.

रुग्णासाठी विमान

एअर ॲम्ब्युलन्स ठरवताना माणूस घाईत आणि काळजीत असतो, आणि नेमके तेव्हाच शांतपणे विचारायचे प्रश्न सर्वांत जास्त असतात. आमच्या एका नातलगांना मराठवाड्यातून मुंबईला हलवताना ‘सगळे धरून’ म्हणून सांगितलेल्या रकमेत मुंबई विमानतळ ते रुग्णालय हा रुग्णवाहिकेचा प्रवास धरलेलाच नव्हता. ते कळले विमान उतरल्यावर, आणि रुग्ण स्ट्रेचरवर असताना रुग्णवाहिकेसाठी फोन करावे लागले. पैशांपेक्षा ती पंधरा-वीस मिनिटे मला अजून आठवतात. म्हणून दर विचारताना ‘खाटेपासून खाटेपर्यंत’ असेच शब्द वापरावेत आणि दोन्हीकडच्या रुग्णवाहिका त्यात आहेत का, हे लिहून घ्यावे. सोबत डॉक्टर कोण असेल, त्यांना अतिदक्षता विभागाचा अनुभव आहे का, व्हेंटिलेटर आणि पुरेसा प्राणवायू आहे का, नातेवाइकांपैकी किती जण बसू शकतील, हेही विचारावे.

फुप्फुसांच्या किंवा मेंदूच्या काही आजारांत डॉक्टर केबिनमधील हवेचा दाब जमिनीजवळच्या दाबाइतका ठेवायला सांगतात. त्यासाठी विमानाला कमी उंचीवरून उडावे लागते. तिथे इंधन जास्त जळते आणि वेळही जास्त लागतो, म्हणून हा खर्च योग्य कारणासाठी वाढलेला असतो. त्यावर घासाघीस करू नये. रुग्ण स्थिर असेल तर मात्र नियमित विमानात काही आसने काढून स्ट्रेचर लावण्याची सोय काही विमान कंपन्या देतात. तिला पूर्वसूचना आणि डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय अर्ज लागतो, पण खर्च खूपच कमी येतो. आपल्या आरोग्य विम्यात हवाई रुग्णवाहिकेची तरतूद आहे का आणि तिची मर्यादा किती, हे आज, सगळे ठीक असताना पाहून ठेवावे.

हेलिकॉप्टरबद्दल थोडक्यात सांगायचे, तर त्याचा ताशी दर स्वस्त दिसतो, पण वेग विमानाच्या जवळपास निम्मा असतो, त्याला दिवसाउजेडीच उडावे लागते आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटांवर ढग उतरले की ते जमिनीवरच राहते. गावात, शेतात किंवा लग्नाच्या मैदानावर उतरवायचे असेल, तर जिल्हा प्रशासनाची आणि पोलिसांची परवानगी, आखलेले हेलिपॅड आणि अग्निशामक गाडी यांची व्यवस्था ग्राहकालाच करावी लागते. तो खर्च दरपत्रकात नसतो.

सही करण्यापूर्वी

सर्वांत आधी, विमान चालवणाऱ्या कंपनीकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, अनियमित वाहतुकीचा परवाना आहे का आणि ठरवलेले विमान त्या परवान्यात आहे का, हे तपासावे. भारतीय विमानाच्या शेपटीजवळ ‘व्हीटी’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो मागावा आणि परवान्याशी ताडून पाहावा. एखाद्या उद्योगपतीच्या खासगी वापरासाठी नोंदलेले विमान भाड्याने देणे बेकायदा आहे. ते स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मध्यस्थ असेल तर करार कोणाशी होतो आहे, मध्यस्थाशी की प्रत्यक्ष कंपनीशी, हे पाहावे, आणि ठरलेले विमान ऐन वेळी बिघडले तर पर्यायी विमानाचा वाढीव खर्च कोणाचा, हे त्यात असावे.

बहुतेक ठिकाणी संपूर्ण रक्कम आगाऊ घेतली जाते, म्हणून रद्द करण्याच्या अटी दराइतक्याच महत्त्वाच्या आहेत. किती दिवस आधी रद्द केल्यास किती टक्के कापले जातील, हे तारखांसह असावे. हवामानामुळे विमान निघालेच नाही, तर किती पैसे परत मिळणार? निघून दुसरीकडे उतरावे लागले, तर त्या वाढीव तासांचे काय? शिर्डीला निघालेले विमान धुक्यामुळे छत्रपती संभाजीनगरला उतरले, तर पुढचा रस्त्याचा प्रवासही बहुधा ग्राहकाच्याच खर्चाने होतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांना डीजीसीएची मर्यादा आहे. तुमची बैठक लांबली आणि त्यांचे तास संपले, तर त्यांना विश्रांती घ्यावीच लागते, आणि त्या रात्रीचा खर्च तुमच्याकडे येतो. म्हणून परतीची शेवटची शक्य वेळ कोणती, हे निघण्यापूर्वी वैमानिकांकडून समजून घ्यावे आणि बैठक तिच्या किमान तासभर आधी संपेल असे ठरवावे.

किमान तीन कंपन्यांकडून दरपत्रके मागवावीत आणि ती एकाच साच्यात उतरवून घ्यावीत: तळ, ब्लॉक टाइम, पोझिशनिंग, दिवसाचे किमान तास, विमानतळांचे खर्च, मुक्काम, इंधनाचे कलम, जीएसटी. ज्या रकान्यात उत्तर मिळाले नाही, तो रिकामा ठेवून त्यासाठी पुन्हा फोन करावा, आणि उत्तर ईमेलवर लेखी आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.